मोजदाद

रूळ सहाशे बारा, अडीच फुटी गेजचे.
स्लीपर लाकडी; वाळवीने खाल्लेले वेगळे काढले.
फिशप्लेटा पोत्यांत, पोत्यांवर खडूने नंबर.
मोतीबागेतून मला तीन दिवसांसाठी पाठवलं होतं
कन्हाळा जंक्शनचं भंगार लिहून घ्यायला.

जंक्शन म्हणजे काय, तर
इतवारीहून आलेली लाइन इथं थांबून विचार करायची,
उमरेडकडे जावं की मँगनीजच्या खाणीकडे.
तेवढ्या विचारापुरतं गाव वसलं.

आधी इथं एक बेहड्याचं झाड होतं आणि एक विहीर.
छपन्याच्या दुष्काळात भराव टाकायला आले
माग बंद पडलेले कोष्टी.
बारीक सुताची बोटं, म्हणे, पहिल्याच आठवड्यात फुटली.
मुरूम अजून तसाच लाल आहे.
हे कुठल्याच वहीत नाही. हे नरसम्मा सांगते.

नरसम्माचा आजा अप्पलस्वामी
कंपनीच्या काळात विजयनगरमहून आला, पॉइंट्समन म्हणून.
सोबत बायको, पितळी घंगाळ,
आणि मराठीतला एकच शब्द: सरका.
त्या एका शब्दावर त्यानं तीस वर्षं गाड्या वळवल्या.
नात आता तेलुगूत मोजते, नागपुरीत भांडते.
"कावून लिहून राहिले बापू?
लिहिल्यानं का गाडी येते?"

इंजिनाला तहान लागायची, म्हणून गाव होतं.
वीस मिनिटं पाणी.
वीस मिनिटांत हबीबमियाँच्या चहाच्या दोन केटल्या रिकाम्या,
सुकवारो उईकेची बोरं, तेंदं, पानाच्या द्रोणात,
संत्र्यांचे करंडे या डब्यातून त्या डब्यात,
आणि डिक्रूझ ड्रायव्हर खाली उतरून
तापलेल्या आसाला हात लावायचा,
आजाऱ्याच्या कपाळाला लावावा तसा.
वीस मिनिटांत एकदा एक लग्नही ठरलं.
मुलगी खिडकीतच बसलेली. मुलाकडचे फलाटावर.
पाणी भरून झालं, शिट्टी झाली,
हो की नाही ते पुढच्या स्टेशनावरून तारेनं कळवलं.

मग डिझेल आलं.
डिझेल पाणी पीत नाही.
थांबा दोन मिनिटांचा झाला.
दोन मिनिटांत बोरं कोण घेतं.

लोखंडी टाकी, गळकी: एक.
पाण्याची सोंड, चामडं नाही: एक.
टोकनचे गोळे: नोंदीत सोळा, हाती पंधरा.
(सोळावा पोरांनी गोट्यांत हरवला असेल.
किंवा शेवटचा ड्रायव्हर घेऊन गेला असेल,
पुढची लाइन मोकळी आहे याचा पुरावा म्हणून.)

मोठी लाइन आता दीड कोसावरून जाते.
तिला वळायचं नव्हतं, म्हणून इथं यायचं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सांध्याची दांडी काढली.
वजनासकट बेचाळीस किलो, मी लिहिलं.
नरसम्मा बांधावरून उठून जवळ आली.
"आजा थकला तव्हा दांडी त्याच्यानं दबे ना.
मले उचलून वर बसवे. मी बसली का गाडी वळे.
माह्यं वजन धरलं का त्यात?"
मी वही बघत राहिलो.
तसा रकाना नव्हता.

राहिली नावाची पाटी.
धकाते पेंटरनं 'कन्हाळा' एवढं ऐसपैस काढलं
की 'जंक्शन'ला जागाच उरली नाही;
शेवटचा न पाटीच्या कडेवरून खाली वाकलेला.
साहेबानं त्याचा एक रुपया कापला होता म्हणे.
पाटी मला नरसम्माच्या अंगणात सापडली,
चार विटांवर आडवी,
वर मिरच्या वाळत घातलेल्या, न पर्यंत.

ट्रक हॉर्न देत होता.
मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
उतरवताना तुटली. तुकडे मिळाले नाहीत.
ती म्हणाली, मिरच्या ने थोड्या.
आणि मग, दाराशी रेललेल्या ट्रकवाल्याला, आज्याच्या शब्दात,
सरका.